टीम आमची, सातबारा कुणाच्या नावावर?

माझा भाचा नववीत आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तो पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा, आणि रात्री मोबाईलवर इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचा. मार्च २०२५ मध्ये युनायटेड आणि आर्सेनलचा सामना होता. सामन्याआधी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर हजारो माणसं काळे कपडे घालून चालताना दिसली. हातात फलक, तोंडात घोषणा. तो गोंधळला. "मामा, ही माणसं आपल्याच टीमविरुद्ध का ओरडायल्यात?"

टीमविरुद्ध नाही, मालकांविरुद्ध, असं मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग सोडायची की टीम. दुसरी धरायची. एवढी बोंब कशाला?"

मी त्याला विचारलं, "पाटाकडील सोडून उद्यापासून शिवाजी तरुण मंडळाचा झेंडा धरशील?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी काहीतरी भलतंच बोललोय. सगळा विषय खरं तर त्या एका नजरेत आहे. तरी तो नीट उलगडून सांगायला हवा. कारण इंग्लंड, जर्मनी, स्पेन आणि आपल्या कोलकात्यातसुद्धा गेली वीस-पंचवीस वर्षं हीच भांडणं चाललीत आणि ती नुसत्या बातम्या वाचून कळत नाहीत.

क्लब आधी कुणाचा होता?

युरोपातले जुने क्लब आपल्या तालमींसारखेच जन्मले. मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये न्यूटन हीथ या नावानं सुरू झाला आणि तो सुरू केला रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातल्या कामगारांनी. आर्सेनल १८८६ मध्ये वुलिचच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांनी काढला. कुठं चर्चच्या पोरांनी संघ काढला, कुठं क्रिकेट खेळणाऱ्यांनी हिवाळ्यात काय करायचं म्हणून. आपल्याकडं कुस्तीच्या तालमीतनं फुटबॉलचा संघ निघाला, तसंच हे. पेठेतली पोरं, पेठेची वर्गणी, पेठेची इज्जत.

पुढं मैदान बांधायला कर्ज लागलं. क्लब बुडाला तर कर्ज सभासदांच्या घरादारावर येऊ नये म्हणून क्लबांच्या कंपन्या झाल्या आणि कंपनी झाली की शेअर आले. पण इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं तेव्हा एक शहाणपणाचा नियम घातला होता. भागधारकांना किती लाभांश द्यायचा यावर मर्यादा होती आणि संचालकांना पगार घेता येत नसे. लाभांश म्हणजे नफ्यातला जो वाटा शेअरवाल्याला मिळतो तो. थोडक्यात, क्लब कंपनी असला तरी त्यातनं पैसा कमवायला कुणी येऊ नये अशी सोय होती.

१९८३ मध्ये टॉटनहॅमनं या नियमाला वळसा घातला. क्लबच्या वर एक वेगळी कंपनी काढली आणि तिचे शेअर बाजारात विकले. नियम क्लबला लागू, वरच्या कंपनीला नाही. मग बाकीचेही त्या वाटेनं गेले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वांत वरची लीग, सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला आणि पेठेची तालीम बघता बघता मोक्याच्या जागेवरचा प्लॉट झाली. आज या लीगचे फक्त ब्रिटनमधले टीव्ही हक्क २०२५ पासूनच्या चार वर्षांसाठी ६.७ अब्ज पौंडांना विकले गेलेत. एवढा पैसा दिसल्यावर जगभरातले गुंतवणूकदार आले नसते तरच नवल.

युनायटेडचं काय झालं? एका गुऱ्हाळाची गोष्ट

समजा, वडणग्याकडं कुणाचं तरी एक चांगलं चालणारं गुऱ्हाळ आहे. कर्ज एक रुपयाचं नाही. गुळव्या हातचा, काहील चांगली, गूळ नावाजलेला. गावातली माणसं अभिमानानं सांगतात, हा आमच्या गावचा गूळ.

एक दिवस बाहेरचा माणूस येतो आणि म्हणतो, मी हे गुऱ्हाळ घेतो. किंमत एक कोटी. त्याच्याकडं रोख तेवढी नाही. तो सावकाराकडं जातो आणि तारण म्हणून कागद ठेवतो तो त्याच गुऱ्हाळाचा. गुऱ्हाळ ताब्यात आल्यावर कर्जाचा मोठा भाग गुऱ्हाळाच्याच खात्यावर चढवतो. आता दर हंगामात गुळाचे पैसे आले की आधी व्याज जातं. उरलं तर त्याच्या घरच्यांना लाभांश जातो. चुलवाण फुटलं, पत्रे गळायला लागले, तर 'पुढच्या वर्षी बघू'. गुळाचा दर मात्र दरवर्षी वाढतो. ऊस घालणारे, गूळ घेणारे, गुळव्या, सगळ्यांना कळतं की आपण या माणसाला आपलंच गुऱ्हाळ विकत घेऊन देतोय.

अशा खरेदीला लिव्हरेज्ड बायआउट म्हणतात. मी पुढं त्याला 'कर्जावरची खरेदी' म्हणेन. हे बेकायदेशीर नाही. व्यापारात अशा खरेद्या रोज होतात.

मे २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं मँचेस्टर युनायटेड याच रीतीनं घेतला. व्यवहार सुमारे ७९ कोटी पौंडांचा होता, म्हणजे तेव्हाच्या दरानं सहा हजार कोटी रुपयांच्या वर. खरेदीआधी क्लबवर कर्ज नव्हतं. खरेदीनंतर पन्नास कोटी पौंडांहून जास्त कर्जाचा बोजा आला. तेव्हापासून व्याज, कर्जाचा खर्च आणि लाभांश मिळून अब्ज पौंडांहून जास्त रक्कम क्लबमधून बाहेर गेली. इकडं ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर गळतं. मे २०२४ मध्ये आर्सेनलशीच झालेल्या सामन्यानंतर स्टँडच्या कोपऱ्यातनं पाणी धबधब्यासारखं कोसळताना सगळ्या जगानं बघितलं.

२०१२ मध्ये क्लबचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. चाहत्यांना वाटलं असेल, चला, थोडे आपणही घेऊ. पण शेअर दोन प्रकारचे आहेत. बाजारात मिळतो त्या एका शेअरला एक मत आणि कुटुंबाकडच्या एका शेअरला दहा मतं. कितीही चाहत्यांनी शेअर घेतले तरी सूत्रं हलत नाहीत. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ या ब्रिटिश उद्योगपतीनं पाव हिश्शापेक्षा जरा जास्त वाटा घेतला आणि फुटबॉलचा कारभार त्याच्याकडं गेला. त्याचं लहानपण मँचेस्टरच्या परिसरातलं, लहानपणापासूनचा युनायटेडचा चाहता, म्हणून लोकांना आशा होती. मग शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि हंगामाच्या मध्यातच उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड झाला, लहान मुलं आणि निवृत्तांची सवलतही गेली. भाच्यानं बघितलेल्या काळ्या कपड्यांमागं हे सगळं होतं.

सगळेच मालक लुटायला येतात का?

नाही. आणि इथं आपल्याला जवळचं उदाहरण आहे, कारण त्या मालकांचं गाव पुणे.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ चा क्लब. १८८८ मध्ये इंग्लंडची लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुण्याच्या वेंकीज कंपनीच्या राव कुटुंबानं घेतला. महिन्याभरात अनुभवी व्यवस्थापकाला काढलं. व्यवस्थापक म्हणजे तिकडचा मुख्य प्रशिक्षक. संघ तोच निवडतो. २०१२ मध्ये संघ खालच्या विभागात गेला, २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, म्हणजे तिसऱ्या विभागात. २०१२ मध्ये ज्या सामन्यात घसरण पक्की झाली, त्या दिवशी चाहत्यांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती, कारण मालकांचा धंदा कुक्कुटपालनाचा. एक वर्षानं संघ तिसऱ्या विभागातनं वर आला, पण प्रीमियर लीग अजून लांबच आहे.

राव कुटुंबानं मात्र क्लबमधून पैसा काढला नाही, उलट वर्षानुवर्षं प्रचंड पैसा घातला. तो घातला नसता तर क्लब जगला असता का, हा प्रश्न ब्लॅकबर्नचे समंजस चाहतेही विचारतात. मग राग कशाचा? मालक क्वचित येतात, क्वचित बोलतात, आणि निर्णय कुणी, का घेतला ते गावाला कळत नाही. घरात पैसे पाठवणारा पण कधीच फोन न उचलणारा थोरला भाऊ असावा तशी ही तक्रार आहे. मला ती खरी वाटते. दीडशे वर्षांची संस्था जपणाऱ्या माणसांना उत्तर मिळायला हवं, मग मालक कितीही दानशूर असो.

कार्डिफचं दुखणं आणखी निराळं. निळ्या रंगाच्या या क्लबला २०१२ मध्ये मलेशियाच्या मालकानं लाल जर्सी घालायला लावली. पैसा भरपूर दिला, संघ प्रीमियर लीगमध्ये गेलासुद्धा. तरी लोक निळाच मागत राहिले आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला. कुणी पैसे दिले म्हणून खंडोबा तालमीच्या झेंड्याचा रंग बदलेल का, याचा विचार करा म्हणजे कार्डिफ कळेल.

आणि सगळ्यांत वाईट झालं ते 'बरी' नावाच्या क्लबचं. मँचेस्टरजवळचं लहान गाव, १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप, म्हणजे इंग्लंडची जुनी बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये एका माणसानं तो एक पौंडाला घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये, आपल्याकडं देणी भागवण्याइतका पैसा आहे हे क्लबला दाखवता आलं नाही म्हणून १२५ वर्षांनी लीगमधून हकालपट्टी झाली. शेवटच्या दिवसांत क्लबच्या एका माजी संचालक बाईंनी स्टेडियमच्या पाइपाला स्वतःला हातकडीनं बांधून घेतलं होतं. शेकडो माणसं स्टेडियम झाडायला, घासायला जमली होती, कारण तारलंच क्लबला कुणी तर शनिवारी सामना होईल, म्हणून मैदान तयार पाहिजे. सामना झाला नाही.

"पैसा त्याचा, क्लब त्याचा. चाहत्यांचा काय संबंध?"

हा आक्षेप सगळ्यांत आधी येतो आणि तो अगदी चुकीचा नाही. कायद्यानं शेअर ज्याचे त्याचा क्लब. सातबारा त्याच्या नावावर.

पण मालकानं नेमकं काय विकत घेतलं? खेळाडू? ते पाच वर्षांत बदलतात. व्यवस्थापक? तो त्याच्याही आधी जातो. मैदान? काही क्लबांकडं स्वतःचं मैदानसुद्धा नसतं. एवढी किंमत मोजली ती दर शनिवारी न चुकता येणाऱ्या माणसांची. आजोबांनी बापाला नेलं, बापानं पोराला नेलं, ही जी साखळी आहे तिची. २०२० मध्ये कोरोनामुळं रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा टीव्हीवाल्यांना गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज मागं लावावा लागला. गर्दी ही विकल्या जाणाऱ्या मालाचाच भाग आहे, आणि तो भाग तयार करणारी माणसं त्यासाठी पैसे घेत नाहीत, उलट देतात.

शेतकऱ्याला हे लगेच कळतं. जमिनीला मालक एक असला तरी कसणाऱ्याचा काही हक्क लागतो, हे आपल्या कायद्यानं कुळांच्या बाबतीत मान्य केलं. चाहते तेवढंही मागत नाहीत. रंग, नाव, मैदान आणि कर्ज या चार गोष्टींत आम्हाला विचारा, एवढीच बहुतेकांची मागणी असते.

"आवडत नसेल तर सोडून द्या"

भाच्याचा प्रश्न तो हाच. याचं उत्तर कोल्हापूर जिल्ह्यानं अलीकडंच अनुभवलंय.

२०२५ च्या जुलैअखेर नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला गुजरातला नेलं. जिल्हा हळहळला, मग चिडला. नांदणीपासून कोल्हापुरापर्यंत पायी मोर्चा निघाला. आणि लोकांनी आणखी एक हत्यार काढलं. हत्तीण ज्या उद्योगसमूहाच्या प्राणी केंद्रात नेली, त्याच्याच मोबाईल कंपनीतनं कितीतरी जणांनी आपले नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केले. गिऱ्हाईक म्हणून आपली ताकद कशात आहे ते लोकांना अचूक कळलं होतं, आणि त्याची दखल घ्यावी लागली.

बाजार चालतो तो याच धाकावर. हॉटेलातली मिसळ बिघडली तर आपण पुढच्या हॉटेलात जातो. मालकाला ते माहीत असतं, म्हणून तो कट पातळ करताना दहादा विचार करतो.

फुटबॉलच्या क्लबला हा धाकच नाही. संघ हरला, तिकीट महागलं, मालक बोलला नाही, तरी युनायटेडचा माणूस मँचेस्टर सिटीकडं पोर्ट होत नाही. तो शिव्या देत, डोकं धरत, पुढच्या शनिवारी तिथंच बसतो. अर्थशास्त्राच्या भाषेत तो अडकलेला गिऱ्हाईक आहे. त्याच्या निष्ठेचा फायदा घेता येतो आणि काही मालक तो पुरेपूर घेतात. जाता येत नाही, म्हणून बोलावं लागतं. मोर्चा, फलक, काळे कपडे हे सगळं त्यातनं येतं.

काहीजण मात्र खरंच सोडून गेले, पण दुसऱ्या क्लबकडं नाही. २००५ मध्ये ग्लेझर आल्यावर युनायटेडच्या काही चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा सभासदांचा क्लब काढला आणि खूप खालच्या विभागातनं सुरुवात केली. त्याच्याही आधी, २००२ मध्ये, विम्बल्डनच्या चाहत्यांवर तर आभाळच कोसळलं होतं. त्यांचा क्लब, १९८८ चा एफए कप विजेता, सुमारे ९० किलोमीटर लांबच्या मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. लोकांनी सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवड चाचणी घेऊन नवा संघ उभा केला, एएफसी विम्बल्डन. नऊ वर्षांत पाच पायऱ्या चढून तो २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेनवर नव्या स्टेडियमसह परत आला. तोही कोरोनाचाच काळ होता, त्यामुळं पहिल्या सामन्याला स्टेडियम रिकामं होतं. अठरा वर्षं वाट बघितलेल्या माणसांनी तो सामना घरी बसून बघितला. हे वाचताना मला दरवेळी गलबलून येतं.

"हरायला लागले की ओरडतात, एवढंच"

कधीकधी हे खरंही असतं. पण २०१० च्या सुरुवातीला ओल्ड ट्रॅफर्ड हिरव्या-पिवळ्या मफलरींनी भरून गेलं तेव्हा युनायटेड लागोपाठ तीन वेळा लीग जिंकलेला संघ होता. हिरवा-पिवळा हा न्यूटन हीथचा, म्हणजे रेल्वे कामगारांचा रंग. जिंकत असतानाही लोकांनी तो गळ्यात घातला, कारण कर्जाचे आकडे त्यांनी वाचले होते.

ओरडून काही होतं का?

कोल्हापूरकराला हा प्रश्न विचारायचं कारण नाही. टोल हटवायला किती मोर्चे, किती बंद, किती वर्षं लागली हे इथं सगळ्यांना आठवतं. फुटबॉलमध्येही तसंच असतं. लवकर मिळतं ते थोडं असतं आणि मोठं काही हवं असेल तर दम लागतो.

लवकर मिळालेल्याचं उदाहरण लिव्हरपूलचं. २०१६ मध्ये सर्वांत महागडं तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरलं. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठून निघून गेली. तेव्हा संघ २-० नं पुढं होता; सामना २-२ असा सुटला. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागं घेतली.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी सुपर लीग जाहीर केली. बहुतेक जागा कायमच्या ठरलेल्या, त्या क्लबांना हरलं तरी बाहेर पडायची भीती नाही. म्हणजे आपल्या स्पर्धेत चार तालमींनी ठरवावं की आमच्याशी आम्हीच खेळणार आणि बाकीच्यांनी बघत बसायचं. तिसऱ्या दिवशी सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. चेल्सीच्या चाहत्यांनी तर स्वतःच्याच संघाची बस रस्त्यात अडवली होती. २ मे ला युनायटेडचे चाहते ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढं ढकलावा लागला. त्या दिवशी पोलिसांना इजा झाली, हेही सांगायला हवं. आपल्याकडं मैदानावर दगड पडले की खेळच थांबतो आणि बदनामी पेठेची होते. तिकडंही शांततेनं चालणाऱ्या हजारोंची मेहनत दहा जणांच्या माकडचाळ्यात वाहून जाते.

जर्मनीतली तऱ्हा मला फार आवडते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये लीगच्या प्रसारण हक्कांच्या कमाईतला वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचं ठरलं. चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडे सामन्यांत टेनिसचे चेंडू मैदानात फेकले. शेकडो चेंडू. ते गोळा करेपर्यंत खेळ बंद, टीव्हीचं वेळापत्रक कोलमडलेलं. कुणाला इजा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगनं तो व्यवहारच रद्द केला.

मालकच घालवायचा असेल तर मात्र नुसता मोर्चा पुरत नाही, दुसरं काहीतरी जोडीला लागतं. ब्लॅकपूलच्या चाहत्यांनी 'आता एक पेनीही नाही' म्हणून वर्षानुवर्षं मैदानावर जायचं सोडलं. आपल्या आवडत्या संघाचा सामना दाराबाहेर उभं राहून ऐकायचा, याला जिगर लागते. पण मालकाचा ताबा सुटला तो भागीदारानं केलेल्या कोर्टकज्जामुळं, २०१९ मध्ये. लिव्हरपूलचे जुने मालक हिक्स आणि जिलेट यांनीही क्लब कर्जावरच घेतला होता. २०१० मध्ये बँकेचं कर्ज फेडायची मुदत आली आणि विक्री झाली. लोकांच्या रेट्यानं नवा गिऱ्हाईक शोधायला भाग पडतं, आणि शेवटचा धक्का बँक किंवा न्यायाधीश देतो.

चाहत्यांनीच चालवला तर?

जर्मनीत १९९८ पासून '५०+१' नावाचा नियम आहे. क्लबच्या कंपनीत निम्म्याहून एक तरी मत जास्त सभासदांच्या संस्थेकडं असलं पाहिजे. गुंतवणूकदारानं पैसा घालावा, पण शेवटचा शब्द सभासदांचा. जिल्ह्यातल्या दूध उत्पादकाला हे समजावून सांगावं लागत नाही. गोकुळ दूध संघ मल्टीस्टेट, म्हणजे अनेक राज्यांतल्या सभासदांचा, करायचा प्रस्ताव आला तेव्हा गावोगावच्या संस्थांनी केवढं रान उठवलं होतं. सभासदाचं मत पातळ झालं की संघ हातातनं जातो, ही भीती त्यामागं होती. जर्मन चाहत्याची भीती अगदी हीच आहे. तिकिटं तिथं इंग्लंडपेक्षा बरीच स्वस्त आहेत आणि उभं राहून सामना बघायच्या जागा अजून टिकून आहेत.

पण सभासदांचा क्लब म्हणजे रामराज्य नव्हे. बार्सिलोना पूर्णपणे सभासदांचा आहे, तरी २०२१ मध्ये त्याच्यावर अब्ज युरोंहून जास्त देणी होती. निवडून आलेल्या अध्यक्षानंसुद्धा संस्था गाळात घालता येते. सहकारी साखर कारखान्यांची अवस्था बघितलेल्या जिल्ह्याला हेही नवीन नाही. जर्मनीत बायर्ननं लागोपाठ अकरा वर्षं लीग जिंकली. ती मालिका २०२४ मध्ये मोडली लेव्हरकुसेननं, जो ५०+१ मधून सूट मिळालेला, बायर या औषध कंपनीचा क्लब आहे. पोर्ट्समथचा क्लब चाहत्यांनी २०१३ मध्ये दिवाळखोरीतनं उचलला, चार वर्षं नीट चालवला आणि मग मतदान घेऊन एका गुंतवणूकदाराला विकला, कारण वर जायला लागणारा पैसा त्यांच्याकडं नव्हता. पण कुणाला विकायचं हे त्यांनी ठरवलं. माझ्या लेखी फरक तिथं आहे. सभासदांच्या संस्थेत चुकलेल्याला पुढच्या निवडणुकीत पाडता येतं. शेअरवाल्याला पाडता येत नाही.

इंग्लंडनं आता मधली वाट धरलीय. जुलै २०२५ मध्ये तिथं फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. नियामक म्हणजे साधारणपणे बँकांना जशी रिझर्व्ह बँक. क्लब घेऊ पाहणाऱ्याकडं पैसा कुठून आला ते तो तपासणार, मैदान विकायला त्याची परवानगी लागणार, चिन्ह आणि जर्सीचा रंग बदलायचा तर चाहत्यांचं बहुमत लागणार. बरीच्या लोकांसाठी हा कायदा सहा वर्षं उशिरा आला.

आपल्याकडं याचं काय?

मोहन बागान, १८८९ चा क्लब, २०२० मध्ये एटीके या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) संघाशी जोडला गेला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. चाहत्यांनी ती तीन अक्षरं काढा म्हणून तीन वर्षं मोहीम चालवली. मार्च २०२३ मध्ये संघ आयएसएल जिंकला त्याच रात्री मालकांनी ती काढल्याचं जाहीर केलं.

पुण्याची गोष्ट इतकी गोड नाही. पुणे एफसी बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याआधीच, २०१० मध्ये, कंपनीनं बंद केला होता. तिन्ही वेळा रस्त्यावर हजारो लोक उतरल्याचं चित्र दिसलं नाही. कारण हे संघ वरून आले होते. कुठल्या गल्लीनं त्यांना वर्गणी दिली नव्हती.

कोल्हापूरचं तसं नाही. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला त्यामागं पेठांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला हा खेळ आहे. पण पैसा इथंही हळूहळू लागायला लागलाय. परदेशी खेळाडू आले, त्यांचं मानधन आलं, जर्सीवर पुरस्कर्त्याचं नाव आलं, स्पर्धांना नेत्यांची मदत आली. यात वाईट काही नाही, त्याशिवाय हंगाम निघत नाही. तरी जर्सीवर नाव छापणं आणि झेंड्यावर नाव छापणं यात अंतर आहे, आणि ते अंतर राखायचं काम कागदावर करून ठेवावं लागतं, पैसा यायच्या आधी.

भाच्याला हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. तीन-चार सामने गेले त्यात. शेवटी त्यानं विचारलं, "मग आपल्या तालमीचा मालक कोण?"

मी म्हटलं, नोंदणी झालेल्या मंडळाला घटना असते, सभासदांची यादी असते, वर्षाला सभा असते. ज्याचं नाव यादीत, त्याचं मत.

"माझं नाव घालतील?"

"अठरा झाल्यावर."

त्यानं बोटं मोजली. मग म्हणाला, "पण तुझं आहे न्हवं यादीत?"

माझं नव्हतं. पुढच्या रविवारी जाऊन चौकशी केली.